गुणा कागलकरचं पुरुषपण

'नटरंग'मधला गुणा कागलकर तमाशात बायकी हावभाव करणारा नाच्या झाला आणि तिथून त्याची फरफट सुरू झाली, अशीच या गोष्टीची आठवण बहुतेकांच्या मनात असते. मला ही फरफट त्याच्या आधी, एका विहिरीच्या काठावर सुरू झालेली दिसते. मालक विहिरीवर पंप बसवतो आणि पाणी काढायला गडी लागेनासे होतात. तालमीत कमावलेलं अंग, रुंद खांदे, झुपकेदार मिशी, पैलवान म्हणून चार लोकांत असलेला मान, हे सगळं ज्या कामाच्या जोरावर उभं होतं, ते काम एका यंत्रानं काढून घेतलं. गुणाचं शरीर कालच्याइतकंच दणकट आहे. आता ते कुणाला नको आहे, एवढाच फरक पडलाय.

'नटरंग' ही मुळात आनंद यादवांची कादंबरी. रवी जाधव यांनी तिच्यावर केलेला चित्रपट 1 जानेवारी 2010 रोजी प्रदर्शित झाला. अतुल कुलकर्णी यांनी गुणा उभा केला, अजय-अतुलच्या चाली गावोगाव पोचल्या आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. गोष्ट कागलच्या बाजूची, कोल्हापूरच्या मातीतली. यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावात बसून तिच्याबद्दल लिहावंसं वाटतं, कारण विहिरीवरचा तो पंप आमच्याकडेही आलेला आहे, वेगवेगळ्या रूपांत. पाडव्याला सालदार ठरायचा, वर्षभराचं धान्य आणि पैसे बोलले जायचे, आणि चांगल्या सालदारासाठी दोन घरांत चढाओढ लागायची. वखरणी-डवरणीतला हात, पोतं उचलायची ताकद, बैलजोडी हाकायची पद्धत यांवरून माणसाची किंमत व्हायची. ट्रॅक्टर आला आणि सालदारांची संख्या रोडावली. तणनाशक आलं आणि बायांचं निंदण कमी झालं. गड्याच्या अंगाला अजून मागणी आहे ती फवारणीत. पाठीवर पंप घेऊन छातीएवढ्या पऱ्हाटीत शिरायचं, ते औषध श्वासातून आत घ्यायचं. 2017 च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीत विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. तोंडाला फडकं का बांधलं नाही, हातमोजे का घातले नाहीत, असे प्रश्न तेव्हा मेलेल्यांना आणि दवाखान्यात पडलेल्यांना विचारले गेले. रोजंदारीवर गेलेल्या गड्याला हातमोजे द्यायचे कुणी, हे फार थोड्यांनी विचारलं.

म्हणून 'नटरंग'मधला पंप मला कथानकातला केवळ एक धागा वाटत नाही. पुरुषपण ही अंगात असलेली वस्तू आहे, ती कमवावी लागते आणि जपावी लागते, असं गावातला प्रत्येक पोरगा मिसरूड फुटायच्या आधीपासून ऐकत असतो. गुणाची गोष्ट वेगळं सांगते. ज्याच्याकडे जमीन, विहीर, पैसा आहे त्याला तुमच्या अंगाची गरज असेपर्यंतच तुम्ही गडी असता. गरज संपली की तेच अंग घेऊन तुम्हाला दुसऱ्या बाजारात उभं राहावं लागतं आणि तिथला भाव तिथले लोक ठरवतात.

तो दुसरा बाजार म्हणजे तमाशाचा फड. गुणाला फड काढायचा असतो आणि स्वतः लिहिलेल्या वगात राजा व्हायचं असतं. ही इच्छा मला फार बोलकी वाटते. ज्याच्या नावावर गुंठाभर रान नाही, त्याला राजा होण्याची जागा जगात एकच, फडाचं पाल. पण नाचणारी मिळते ती अट घेऊन येते: फडात नाच्या पाहिजे. नाच्याशिवाय फड उभा राहत नाही, लोक तिकीट काढत नाहीत. बाकी कुणी तयार होत नाही आणि लेखक, मालक, स्वप्न पाहणारा असा तो एकटाच उरल्यामुळे गुणा ते स्वतःच्या अंगावर घेतो. चित्रपटात हे बदलणं फार बारकाईनं दाखवलं आहे. मिशी जाते. मनगट सैल पडतं, मान एका बाजूला कलते, पाऊल पूर्ण न टेकता उचललं जातं. पैलवानाच्या शरीराला ज्या गोष्टी कधी करू दिल्या नव्हत्या, त्या एकेक करून त्याला शिकवल्या जातात. हे पाहताना जाणवत राहतं, की आधीची ती छाती काढून चालण्याची ढबसुद्धा अशीच कधीतरी शिकवलेली होती. कादंबरी वाचताना ही गोष्ट माझ्या अंगावर इतकी आली नव्हती. इथं पडदा शब्दांच्या पुढे गेला आहे आणि त्याचं श्रेय नटाला द्यायला हवं.

पण बाईचे हावभाव केल्यानं पुरुष हलका होतो, हे सगळीकडे सारखंच खरं आहे का? मारेगाव, झरी, पांढरकवड्याच्या बाजूला कोलाम-गोंडांच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, दिवाळीच्या सुमारास दंडार होते. ढोल वाजतो, गडी फेर धरतात आणि त्यांतलेच काही लुगडं नेसून बाई होतात. डोक्यावर पदर, हातात बांगड्या, आणि पदराखाली मिशी तशीच. बघणारे हसतात, तोही हसतो. सकाळी तोच माणूस बैल घेऊन शेतात जातो आणि रात्रीच्या लुगड्यावरून त्याला कुणी टोमणा मारत नाही. पूर्व विदर्भातल्या खडी गंमत या लोकनाट्यातही बाई झालेला पुरुष नवा नाही. दंडार सगळं काही निर्मळ आहे, असा माझा दावा नाही. पुरुष लुगडं नेसतो त्याचं एक कारण खुद्द बाईला त्या फेरात ती जागा नाही, हेही आहेच. पण तिथं नाचणारा आणि बघणारा एकाच पोडावरचे असतात. मधे तिकीट नसतं, सुपारी नसते, पुढच्या रांगेत लोडाला टेकून बसलेला कुणी पुढारी नसतो. म्हणून लुगड्यातल्या माणसाचं रात्रीतून मोल बदलत नाही.

दुसरं उदाहरण उलट टोकाचं आहे आणि ते याच दिग्दर्शकानं पुढच्याच वर्षी आपल्यापुढे ठेवलं. 2011 च्या मे महिन्यात रवी जाधव यांचा 'बालगंधर्व' आला. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (1888–1967) यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं शालू नेसून काढली. त्यांची नथ, त्यांचा खोपा, त्यांचा पदर घेण्याचा डौल घरंदाज बायकांनी उचलला. राजेरजवाड्यांनी त्यांना आश्रय दिला, 1964 साली भारत सरकारनं पद्मभूषण दिलं. बालगंधर्वांच्या वाट्याला कर्ज आलं, एकाकीपण आलं, शेवटची वर्षं हलाखीची गेली, हे सगळं खरं. पण शालू नेसला म्हणून त्यांना कुणी रस्त्यात अडवलं नाही. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तर एकच प्रश्न उरतो: बाईपण अंगावर घेतलेले दोन पुरुष, एकाला महाराष्ट्र आरती ओवाळतो आणि दुसऱ्याच्या अंगावर दगड टाकतो, हे कशामुळे? कलेच्या दर्जामुळे, असं म्हणणं सोपं आहे. संगीत नाटक वरच्या जातींचं, वाड्यांचं, शिकलेल्यांचं होतं आणि तमाशा गावकुसाबाहेरच्यांचा होता, हे म्हणायला आपली जीभ जड होते.

चित्रपटाचीही जीभ अशीच जड झाली आहे. कादंबरीतला गुणा मांग समाजातला आहे. त्याची गरिबी, त्याची तालीम, मालकापुढे त्याचं वागणं, तमाशाकडे त्याचं ओढलं जाणं, सगळ्याला ती जात चिकटलेली आहे. यादव कुळवाडी घरातून आलेले. ग्रामीण साहित्याच्या चळवळीत त्यांच्या बऱ्याच मतांवर वाद झाले, पण आपला नायक कुठल्या वाड्यात राहतो हे त्यांनी लपवलं नाही. पडद्यावर गुणा हा एक गरीब मजूर होतो, महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावातला, कुठल्याही घरातला. असं केल्यानं जास्त लोकांना तो आपला वाटतो, हा हिशेब मला समजतो. मात्र त्यानं गोष्टीतलं एक हाड निघून जातं. मांगवाड्यातल्या माणसानं पैलवान असणं ही गावाच्या दृष्टीनं मुळातच थोडी जास्तीची गोष्ट असते. त्याच्या मिशीवर गावाची नजर असतेच. तीच मिशी त्यानं स्वतःच्या हातानं उतरवली, तेव्हा गावाला जो आनंद झाला असेल त्यात नाच्याची टिंगल थोडी आणि जुना राग बराच असणार. जात काढून घेतली की हा राग कुठून येतो ते कळत नाही, आणि सगळा दोष नाच्या या भूमिकेवर जाऊन बसतो.

त्या भूमिकेचं ओझं खऱ्या आयुष्यात वाहिलेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर होता. कोल्हापूरचे गणपत पाटील. मराठी तमाशापटांतला नाच्या म्हणजे गणपत पाटील, इतकं ते समीकरण घट्ट झालं. घरी बायको, मुलंबाळं, चारचौघांसारखा संसार. तरीही लोकांनी पडद्यावरच्या हावभावांवरून त्यांच्या पुरुषपणाचा निवाडा केला आणि त्याची झळ त्यांच्या घरच्यांपर्यंत गेली. 'रंग नटेश्वराचे' या आत्मचरित्रात त्यांनी आपलं आयुष्य मांडून ठेवलं आहे. 2008 साली ते गेले, 'नटरंग' यायच्या थोडंच आधी. त्यांची कहाणी सांगताना आपण सगळे एक वाक्य हमखास जोडतो, मीही ते वर जोडलं: ते तसे नव्हते हो, चांगले संसारी होते. या वाक्यात किती भरलंय ते पाहा. ते तसे असते, तर मग टिंगल रास्त ठरली असती का?

'नटरंग' चित्रपटाशी माझं भांडण इथं आहे. गुणा आधी पैलवान होता, हे तो आपल्याला विसरू देत नाही. सुरुवातीचं ते घामानं चमकणारं अंग सबंध चित्रपटभर आपल्या डोळ्यांत राहतं आणि आपण हळहळतो ते एका खऱ्या मर्दाला जग नाच्या समजतंय म्हणून. चित्रपटाच्या वेळी वर्तमानपत्रांतून अतुल कुलकर्णींच्या मेहनतीबद्दल भरभरून छापून आलं, या भूमिकेसाठी त्यांनी वजन कसं वाढवलं आणि मग कसं उतरवलं. मेहनत मोठीच होती. पण त्या कौतुकातही प्रेक्षकाला दिलासा होता, की हे सगळं सोंग आहे, आतला गडी शाबूत आहे. मुळात ज्याची चाल तशीच आहे, ज्याचं मनगट जन्मापासून तसंच वळतं, त्या पोराला हा चित्रपट काय सांगतो? असे पोरगे मारेगावातही आहेत. लग्नाच्या वरातीत याच चित्रपटातल्या लावण्यांवर ते सगळ्यांत सुंदर नाचतात, भोवतीचे लोक शिट्ट्या मारतात आणि दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर त्यांचं जगणं नकोसं करतात. त्यांच्या बाजूनं बोलायला आधीची पैलवानकी नाही.

शेवटही मला त्याच कारणानं खटकतो. पडद्यावरचा गुणा म्हातारपणी पुरस्काराच्या मंचावर पोचतो, टाळ्यांचा गजर होतो, सोसलेल्याची भरपाई होते. यादवांची कादंबरी असं सुख देत नाही. निर्मात्यांचं पैशाचं गणित असेल, प्रेक्षकाला रिकाम्या हातानं पाठवायला नको असं दिग्दर्शकाला वाटलं असेल. पण असे पुरस्कार कोण देतं, त्या मंचावर कोण बसतं? ज्यांनी गुणाला सुपारी देऊन नाचवलं आणि मग आपसातल्या भांडणात भरडलं, त्याच वर्गाची माणसं. त्यांनी हार घातला म्हणजे गुणा पुन्हा माणसांत आला, हे मान्य केलं, तर माणसांतून उठवण्याचा त्यांचा हक्कही मान्य करावा लागतो. मंच देणं आणि काढून घेणं किती सहज होतं, हे खुद्द यादवांनी पाहिलं. 2009 च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचे ते निवडून आलेले अध्यक्ष. 'संतसूर्य तुकाराम' या त्यांच्या कादंबरीवरून वादळ उठलं, त्यांनी माफी मागितली, तरी पद सोडावं लागलं आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडलं. 'नटरंग' पडद्यावर आला तो त्यानंतर वर्षाच्या आत.

दहा वर्षांनी, जानेवारी 2019 मध्ये, संमेलन आमच्या यवतमाळला आलं. उद्घाटनासाठी बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं. त्या रिकाम्या झालेल्या जागी कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे उभ्या राहिल्या. नवऱ्यानं आत्महत्या केलेली, स्वतः मजुरी आणि शिवणकाम करून घर चालवणारी बाई. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या 'तेरवं' नाटकात शेतकऱ्यांच्या विधवा स्वतः काम करतात, त्यांत त्याही होत्या. त्याच वर्षी त्यांनी यवतमाळ-वाशीममधून लोकसभा लढवली आणि हरल्या. 'नटरंग'बद्दल बोलताना मला त्या आठवतात, याचं कारण गुणाची बायको. कादंबरी आणि चित्रपट दोन्हींत ती घर धरून ठेवते, भुकेची तोंडं सांभाळते, नवऱ्याची लाज स्वतःच्या अंगावर घेते. त्याचं पुरुषपण गेलं की तिचं सौभाग्यही गेल्यात जमा होतं आणि यांतल्या कशाबद्दलही तिला कुणी विचारलेलं नसतं.

आमच्याकडे पुरुषपणाच्या या हिशेबाला सरकारी कागद आहे. शेतकऱ्यानं जीव दिला की तहसीलमध्ये पंचनाम्याची फाइल तयार होते आणि जिल्ह्याची समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. पात्र ठरलं तर 1 लाख रुपये, त्यांतले 30,000 हातात आणि 70,000 ठेवीत, अशी ही मदत 2006 पासून ठरलेली आहे. त्यासाठी सातबारा लागतो, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज लागतं. मक्त्यानं दुसऱ्याची शेती करणारा, नात्यातल्या कुणाकडून हातउसने घेतलेला, सालदारी करणारा यांत बसत नाही. म्हणजे मेल्यानंतरसुद्धा माणसाला आपण कर्ता पुरुष होतो हे कागदावर सिद्ध करावं लागतं. ते सिद्ध करायला धावते त्याची बायको, जिचं नाव त्या सातबाऱ्यावर बहुतेक वेळा नसतंच. आणि शेत कसणारी बाई स्वतः जीव देते, तेव्हा ती शेतकरी होती की नुसती घरची बाई, इथूनच वाद सुरू होतो. गुणा यवतमाळ जिल्ह्यात असता आणि विहिरीवर पंप बसला त्याच दिवशी त्यानं गळफास घेतला असता, तर त्याची मोजदाद शेतकऱ्यांत झाली नसती.

एक प्रसंग मी मुद्दाम मागे ठेवला आहे, कारण चित्रपट आठवणारे लोक तो विसरलेले असतात. लावण्या सगळ्यांना पाठ आहेत, गणपतीत अजून वाजतात. पण दोन पुढाऱ्यांच्या चुरशीत फड जाळला जातो आणि गुणावर सामूहिक बलात्कार होतो, हे सांगितलं की ओळखीतले बरेच जण थबकतात. हो, तसं काहीतरी होतं, म्हणतात. मला हा प्रसंग सबंध गोष्टीचा कणा वाटतो. तिथं कुणालाही गुणाची ओढ नाही. विरोधी पुढाऱ्याला धडा शिकवायचा आहे आणि त्याच्या फडातला पुरुष हा धडा लिहायला वापरायचा कागद आहे. गावच्या भांडणात बायकांच्या अंगाचा असाच वापर होत आला आहे. गुणाला त्या रांगेत बसवलं जातं, एवढाच फरक. मारणारे स्वतःला मर्द म्हणवून घेतात ते या रात्रीच्या जोरावर. मराठी चित्रपटानं एका पुरुषावरचा बलात्कार 2010 साली इतक्या सरळपणे दाखवला, याबद्दल रवी जाधवांचं ऋण मान्य करायला हवं, बाकी तक्रारी कायम ठेवून.

चित्रपट आला तेव्हा भारतीय दंडसंहितेतलं बलात्काराचं कलम 375 फक्त स्त्रीपुरतं होतं. पुरुषावरच्या अशा अत्याचारासाठी कलम 377 होतं, इंग्रजांच्या काळचं, निसर्गविरुद्ध संभोगाच्या भाषेत लिहिलेलं. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं संमतीचे समलिंगी संबंध त्या कलमातून मोकळे केले, ते योग्यच झालं. संमतीविना केलेल्या कृत्यासाठी कलम तेव्हाही शिल्लक होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम 63 मध्ये बलात्कार होतो तो आजही स्त्रीवरच, आणि 377 च्या जागी काहीही आलेलं नाही. आज एखादा गुणा, फाटक्या कपड्यांनी, मारेगावच्या पोलीस ठाण्याची पायरी चढला, तर ठाणेदार मारहाण लिहून घेऊ शकतो, दुखापत लिहून घेऊ शकतो, डांबून ठेवणं आणि जाळपोळ लिहून घेऊ शकतो. पण त्या रात्री त्याच्यावर जो बलात्कार झाला, तो बलात्कार म्हणून नोंदवायला त्याच्याजवळ कलम नाही.